‘टू’ गाळलेला नाही. तो तिथे नव्हताच

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नया बाजार आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत, मराठी घरातलं एखादं मूल इंग्रजीच्या वहीत ‘आय सॉ हिम टू क्रॉस द रोड’ असं लिहितं. वहीवर लाल रेघ उमटते आणि तिच्यामागून निदानं येतात. पहिलं निदान मुलासाठी असतं: “सी, हिअर, वॉच, फील यांच्यानंतर ‘टू’ गाळायचा. हा अपवाद आहे, पाठ कर.” दुसरं आई-वडिलांसाठी: “घरात मराठी, बाहेर हिंदी. मूल मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितं, म्हणून असं होतं. घरी इंग्रजी बोलत जा.” तिसरं ‘स्पोकन’वाल्या शिकवण्यांचं: “व्याकरणाच्या मागे लागू नका. समोरच्याला कळलं ना, मग झालं.”

ही तिन्ही निदानं चुकीची आहेत आणि ती एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. नियमाला अपवाद म्हटलं की त्याचं कारण सांगावं लागत नाही. कारण सांगायचं नाही म्हटल्यावर मुलाच्या चुकीचा दोष कुठेतरी टाकावा लागतो. तो घरच्या भाषेवर टाकला जातो. आणि पाठांतराने काम भागत नाही असं दिसलं की व्याकरणच निरुपयोगी ठरवून मोकळं होता येतं. म्हणून या तिन्हींचा समाचार एकेक करून घ्यायला हवा.

आधी तो अपवाद. ‘गाळायचा’ या शब्दातच सगळी गफलत आहे. जी वस्तू होती तीच गाळता येते, आणि ‘सी’ किंवा ‘हिअर’च्या मागे ‘टू’ मुळात कधी रुजलाच नव्हता. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, क्रियापदाच्या या रूपाला स्वतःचा प्रत्यय होता, ‘-अन’. ओळख पटवायला त्याला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. ‘टू’ हा तेव्हा ‘कडे’, ‘साठी’ अशा अर्थाचा शब्द होता. तो लागला की क्रियापदाचं रूपही बदलून चतुर्थीचं होई, शेवट ‘-एन्ने’ असा होई, आणि अर्थ प्रामुख्याने हेतूचा असे: अमुक करण्यासाठी. रूपं दोन होती आणि त्यांची कामंही दोन होती. पुढच्या काही शतकांत इंग्रजी शब्दांचे शेवट झिजत गेले. ‘-अन’ गेला, ‘-एन्ने’ही गेला. मग हे रूप ओळखायचं कशावरून? ‘टू’ हाताशी होता, तोच खूण म्हणून पसरत गेला आणि जिथे हेतूचा काही संबंध नाही अशा जागीही जाऊन बसला. काही जागा मात्र त्याला कायमच्या मिळाल्या नाहीत. कॅन, मे, मस्ट यांच्या मागची जागा, मेक आणि लेट यांच्या मागची जागा, आणि सी, हिअर यांच्या मागची जागा. तिथे जुनं रूप तसंच राहिलं. ज्या खोलीत भाडेकरू कधी राहायला आलाच नाही, ती खोली आपण त्याच्याकडून खाली करून घेतली असं सांगावं, तशातला हा ‘टू गाळायचा’ नियम आहे.

इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींकडे पाहिलं तरी हेच दिसतं. जर्मनमध्ये ‘मी त्याला येताना पाहिलं’ हे ‘इख साह इन कोमेन’ असं होतं. जर्मन भाषेचा ‘टू’, म्हणजे ‘त्सू’, तिथे येत नाही. डच भाषेतही येत नाही. फ्रेंचही ‘पाहणे’ आणि ‘ऐकणे’ यांच्या मागे क्रियापदाचं मूळ रूप कुठल्याही जोडशब्दाशिवाय ठेवते. इतक्या भाषा ज्या ठिकाणी एकच गोष्ट करतात, त्या ठिकाणाला अपवाद म्हणणं हे अज्ञान आहे.

यावर कुणी म्हणेल, आम्ही तर रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातूनच शिकवतो. भारतातल्या शाळांमध्ये 1930च्या दशकापासून चालत आलेलं ते पुस्तक उघडून पाहावं. त्यात ‘टू’ हा या रूपाचा आवश्यक भाग नाही हे आधी सांगितलं आहे, आणि मग बिड, लेट, मेक, नीड, डेअर, सी, हिअर ही यादी दिली आहे. शिकवण्यांनी यादी उचलली आणि तिच्याआधीचं विधान पुस्तकातच सोडून दिलं. परिणाम असा, की ‘आय बॅड हिम गो’ असं उभ्या जन्मात कधीही न म्हणणारा मुलगा ‘बिड’ पाठ करतो आणि ‘सी’चं कारण मात्र त्याला कुणी सांगत नाही.

आता दुसरं निदान, घरच्या मराठीवरचं. हा आरोप इतक्या आत्मविश्वासाने केला जातो, की तो तपासून पाहायचं कुणाच्या मनातही येत नाही. तपासणी सोपी आहे. मराठीत विचार करणारं मूल मनात कोणतं वाक्य जुळवेल? “मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं.” हिंदीत विचार करणारं? “मैंने उसे सड़क पार करते देखा.” आता इंग्रजी ‘टू’चं काम मराठीत कोण करतं ते पाहू. ते काम ‘-आयला’ करतो: भाजी आणायला गेलो, त्याला यायला सांगितलं, तिला शिकायला पाठवलं. या ‘-आयला’च्या पोटात चतुर्थीचा ‘ला’ बसलेला आहे आणि त्याचा मूळ रोख हेतूकडे आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘टू’ची कुंडली नेमकी हीच. तेव्हा मूल मराठीवरून शब्दशः उतरवून ‘टू’ आणत असेल, तर त्याच्या मनात “मी त्याला रस्ता ओलांडायला पाहिलं” असं वाक्य असायला हवं. असं वाक्य कोणता मराठी माणूस बोलतो? लष्करात कुणी बोलत नाही, पुण्यात नाही, नागपुरात नाही, तंजावरच्या मराठी घरांतही नाही. हिंदीतही “उसे सड़क पार करने को देखा” असं कुणी म्हणत नाही. म्हणजे मूल खरोखरच मराठीत किंवा हिंदीत विचार करत असतं, तर ही चूक त्याच्या हातून झालीच नसती.

मग तो ‘टू’ आला कुठून? वर्गातून. मुलाला आधी वाँट, टेल, आस्क, ऑर्डर, अलाउ ही क्रियापदं शिकवली जातात. त्या सगळ्यांचा साचा एकच: क्रियापद, मग माणूस, मग ‘टू’. मूल साचा ओळखतं आणि इमानदारीने पुढच्या क्रियापदाला लावतं. इंग्रजीचा एक नियम इंग्रजीच्याच दुसऱ्या जागी ओढला गेला, इतकाच या चुकीचा इतिहास. ब्रिटिश भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी 1967मध्ये शिकणाऱ्यांच्या चुकांकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली आणि 1971मध्ये जॅक रिचर्ड्स यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या मातृभाषांची मुलं इंग्रजीत सारख्याच चुका करतात, कारण त्या चुका शिकल्या जाणाऱ्या भाषेच्या नियमांची अतिव्याप्ती केल्याने होतात. या गोष्टीला पन्नास वर्षं उलटून गेली. आपल्याकडे दोष अजून आईच्या भाषेवरच जातो.

मराठी नेहमीच निर्दोष असते असं मात्र माझं म्हणणं नाही. ‘मेक’च्या बाबतीत आरोप खरा आहे. “मी त्याला जायला लावलं” हे मनात धरून मूल ‘आय मेड हिम टू गो’ लिहितं, तेव्हा तो ‘टू’ मराठीच्या ‘-आयला’तूनच आलेला असू शकतो. उलट ‘लेट’च्या वेळी मराठी मुलाचा हात धरून त्याला बरोबर जागी नेते. “त्याला जाऊ दे” यातलं ‘जाऊ’ हे रूप ‘ला’शिवायचं आहे, आणि ‘लेट हिम गो’मध्येही ‘टू’ नाही. ‘हेल्प’च्या मागे इंग्रजी स्वतःच दोन्ही चालवून घेते, तिथे “उचलायला मदत केली” म्हणणारं मूल कसंही लिहिलं तरी बरोबरच ठरतं. पुस्तकातली यादी एक, पण तिच्यातल्या क्रियापदांशी मराठीचं नातं तीन-चार प्रकारचं. कुठे मराठी अडवते, कुठे मदत करते, कुठे तिचा संबंधच येत नाही. हा फरक ज्या शिक्षकाला माहीत आहे तो ‘मेक’वर जास्त वेळ देईल, ‘लेट’वरून झरझर पुढे जाईल. ज्याने वर्गात मराठी-हिंदीचा उंबरा ओलांडायचाच नाही असं ठरवलं आहे, त्याला सगळी चूक एकाच रंगाची दिसते. मुलाच्या भाषेची माहिती नाकारून मुलाची चूक समजून घेण्याचा दावा करणं, हा या दुसऱ्या निदानाचा खरा दोष आहे.

इथवर रूपाबद्दल झालं. पण भाषेत एखादं रूप हजार वर्षं टिकून राहतं ते उगाच नाही. त्याला अर्थ असतो, आणि तो अर्थच वर्गात सांगितला जात नाही.

दाल बाजारात धान्याच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी चालली आहे असं समजा. ‘आय सॉ द सॅक फॉल.’ ‘आय सॉ द सॅक फॉलिंग.’ ‘आय सॉ दॅट द सॅक हॅड फॉलन.’ ही तीन वाक्यं तीन वेगळ्या साक्षी आहेत. दुसऱ्या वाक्यात पोतं कलंडतंय एवढं मी पाहिलं. हमालाने ते मध्येच सावरलं असेल तरी वाक्य खोटं ठरत नाही. तिसऱ्यात मी तिथे पोचलो तेव्हा धान्य रस्त्यावर सांडलेलं होतं; पडणं मी पाहिलंच नाही, पडलं असणार हे सांडलेल्या धान्यावरून जाणलं. पहिल्यात मात्र कलंडण्यापासून जमिनीवर आपटेपर्यंत सगळं माझ्यासमोर घडलं. प्रसंग पूर्ण आहे आणि मी त्याचा साक्षीदार आहे.

मराठीत ही तिन्ही वाक्यं रोज बोलली जातात. “पोतं पडताना मी पाहिलं” हे दुसरं. “पोतं पडल्याचं मला दिसलं” हे तिसरं. आणि पहिलं? “माझ्या डोळ्यांदेखत पोतं पडलं.” इंग्रजीने पाहण्याला मुख्य क्रियापद केलं आणि घटनेला त्याच्या ओटीत टाकलं. मराठीने घटनेला मुख्य क्रियापद केलं आणि पाहणं ‘देखत’ म्हणून बाजूला उभं केलं. मांडणी उलटी आहे, साक्ष तीच आहे. ‘डोळ्यांदेखत’मध्ये थोडी हळहळ किंवा अचंबा मिसळलेला असतो, इंग्रजी रूप तसं कोरडं असतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी हे भाषांतर म्हणून चालणार नाही. कसोटी म्हणून मात्र ते बिनचूक चालतं. मुलाला एवढंच विचारावं: तुला ‘देखत’ म्हणायचंय, ‘-ताना’ म्हणायचंय, की ‘-ल्याचं’? उत्तर त्याच्याजवळ तयार असतं, कारण हा भेद तो बालवाडीच्या आधी शिकलेला असतो.

ऐकण्याच्या बाबतीत तर मराठी अधिकच काटेकोर आहे. “तो गेल्याचं ऐकलं” म्हटलं की ती सांगोवांगीची बातमी. बोलणाऱ्याच्या कानावर पावलांचा आवाज पडलेला नाही. पावलांचा आवाज, दाराची कडी, जिन्यावरची लगबग ऐकली असेल तर आपण त्याच्या जाण्याची चाहूल लागली म्हणतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘आय हर्ड दॅट ही हॅड लेफ्ट’ आणि दुसऱ्यासाठी ‘आय हर्ड हिम लीव्ह’. गाण्याचंही तसंच. ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचं माहेर. कृष्णराव शंकर पंडित (1893–1989) यांची मैफल ज्यांनी समोर बसून ऐकली, ते “त्यांचं गाणं मी ऐकलंय” असं म्हणतात. ‘आय हर्ड हिम सिंग’ हे त्या वाक्याचं इंग्रजी. रस्त्याने जाताना खिडकीतून दोन ताना कानावर पडल्या असतील, तर “त्यांना गाताना ऐकलं”, ‘आय हर्ड हिम सिंगिंग’. हा फरक कळायला ग्वाल्हेरच्या मराठी मुलाला लंडनला जायची गरज नाही.

हे केवळ शैलीचे बारकावे आहेत, असं समजणाऱ्यांनी तर्कशास्त्रज्ञांकडे पाहावं. जॉन बारवाइज यांनी 1981मध्ये आणि जेम्स हिगिनबॉथम यांनी 1983मध्ये याच रचनेवर निबंध लिहिले. बारवाइज तिला उघडं, म्हणजे ‘टू’चं आवरण नसलेलं रूप म्हणतात. त्यांनी दाखवलेले दोन गुण सामान्य माणसालाही पटतील. एक, ‘आय सॉ हिम एंटर’ हे खरं असेल तर तो आत शिरला हे खरं असलंच पाहिजे. न घडलेली गोष्ट या रचनेत पाहता येत नाही. दोन, पाहणाऱ्याला काय ठाऊक होतं याच्याशी या रचनेला कर्तव्य नाही. पहाटे दूधवाला समोरच्या घरात शिरताना मी पाहिला आणि तो दूधवालाच चोर होता असं नंतर उघड झालं, तर मी चोराला शिरताना पाहिलं हेही खरं ठरतं, मला त्या वेळी त्याचा पत्ता नसला तरी. पण “चोर शिरला आहे हे मी पाहिलं” असं मला म्हणता येणार नाही. ‘दॅट’ आला की जाणणं आलं, उघडं रूप आलं की फक्त डोळे आले.

कोर्टात उभं राहणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट चर्चेपुरती उरत नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेल्या 1872च्या पुरावा कायद्यातलं 60वं कलम सांगत होतं, की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ती स्वतः पाहिल्याचं सांगणाऱ्याची साक्ष हवी, ऐकण्याजोगी असेल तर स्वतः ऐकणाऱ्याची. 2023च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवलं आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं एक खंडपीठ ग्वाल्हेरला आहे आणि उच्च न्यायालयाचं बरंच कामकाज इंग्रजीत चालतं. हिंदीत दिलेली साक्ष इंग्रजीत उतरवताना ‘सॉ हिम स्ट्राइक’च्या जागी ‘सॉ दॅट ही हॅड स्ट्रक’ झालं, तर प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मागाहून आलेला माणूस होऊन बसतो. नया बाजारातल्या मराठी घरातली मुलं उद्या वकील होणार आहेत, पत्रकार होणार आहेत, अतिदक्षता विभागात परिचारिका होणार आहेत. “श्वास थांबताना पाहिला” आणि “श्वास थांबलेला दिसला” यांतला फरक त्यांना इंग्रजीत नोंदवता आला पाहिजे.

अर्थ धरून चाललं की ज्यांना आपण फुटकळ नियम समजतो ते आपोआप जागेवर येतात. ‘आय सॉ हिम ओन अ शॉप’ का चालत नाही? कारण मालकी ही डोळ्यांदेखत घडणारी घटना नाही. “माझ्या डोळ्यांदेखत त्याचं दुकान आहे” असं मराठीतही कुणी म्हणणार नाही. ‘स्मेल’च्या मागे उघडं रूप का येत नाही, ‘समथिंग बर्निंग’च का? कारण वासाला घटनेचा आरंभ-अंत दिसत नाही. वास येतो तो जळणं चालू असतानाचा. ‘आय फेल्ट हिम टू बी ऑनेस्ट’मध्ये ‘टू’ का चालतो? कारण तिथे स्पर्श नाही, मत आहे: मला तो प्रामाणिक वाटला. अमेरिकन भाषावैज्ञानिक ड्वाइट बॉलिंजर यांनी 1974मध्ये याच भेदावर लिहिलं: एकीकडे इंद्रियांना आलेली जाणीव, दुसरीकडे मनाने काढलेला निष्कर्ष. आणि ‘ही वॉज सीन टू एंटर’मध्ये ‘टू’ कसा परततो, हा परीक्षेतला आवडता प्रश्न? कर्मणी वाक्यात पाहणारा माणूस नाहीसा होतो, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांची साक्षही फिकी होते. उरतो तो अहवाल: अमुक इसम आत शिरल्याचं पाहण्यात आलं. पोलिसांच्या कागदांतली मराठी ज्यांनी वाचली आहे त्यांना हा सूर परका वाटणार नाही.

आता तिसरं निदान. समोरच्याला कळलं म्हणजे झालं, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांच्याशी माझं एका बाबतीत भांडण नाही. उच्चार ग्वाल्हेरचा असावा, ‘प्रीपोन’ खुशाल म्हणावं. भारतीय इंग्रजीला तिचा स्वतःचा चेहरा आहे आणि तो कुणी लपवू नये. पण ‘कळलं’ म्हणजे काय कळलं? ‘आय सॉ हिम टू द डोअर’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळतं, फक्त वेगळंच कळतं: मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो. ‘सॉ हिम’च्या मागे ‘टू’ आला की वाक्य अशा भलत्या वाटांना लागू शकतं. आणि मुद्दा व्याकरणाच्या शुद्धतेचा नाहीच. आपल्या घरच्या भाषेत जे मूल प्रत्यक्ष पाहिलेलं, अर्धवट पाहिलेलं आणि अंदाजाने जाणलेलं यांत गल्लत करत नाही, त्याला इंग्रजीत ती गल्लत करायला मोकळीक देणं म्हणजे त्याच्या बुद्धीला इंग्रजीत शिरल्यावर अर्ध्या पगारावर ठेवणं. ‘स्पोकन’वाल्यांना हे औदार्य वाटतं. तो अपमान आहे.

वर्गात फक्त इंग्रजी, हा आग्रह आला कुठून तेही सांगायला हवं. 1961मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी शिक्षणावर राष्ट्रकुल देशांची परिषद भरली होती. तिथल्या विचारातून रूढ झालेल्या पाच समजुतींची रॉबर्ट फिलिपसन यांनी 1992च्या आपल्या ग्रंथात भ्रम म्हणून संभावना केली. त्यांतली पहिलीच समजूत ही, की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवली तर उत्तम येते. गाय कुक यांनी 2010मध्ये भाषा शिकवण्यात भाषांतराला पुन्हा मानाची जागा द्यावी यासाठी अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या बहुभाषिकतेला वर्गातलं साधन मानलं. बाहेरच्या जगाने टाकून दिलेली समजूत आपण मात्र शिकवणीची फी भरून विकत घेतो.

मराठी माणसाला तरी ती पटायला नको होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीचे दोष उघड आहेत: सुटी सुटी वाक्यं, बोलण्याचा सराव नाही, सगळा भर कागदावर. ती जशीच्या तशी परत आणा असं मी म्हणत नाही. पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची जी सवय ती लावत होती, ती टाकून आपण काय मिळवलं? लष्कर हे नावच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंद्यांच्या तळावरून पडलं. तेव्हापासून इथली मराठी हिंदीच्या शेजारी जगली, दरबारात फारसी-उर्दूशी तिची गाठ पडली, नंतर इंग्रजीशी पडली. भा. रा. तांबे याच संस्थानात कवी म्हणून वावरले. तीन भाषांत राहूनही आपली भाषा न विसरलेल्या समाजाला, मुलाने एका वेळी एकच भाषा मनात ठेवावी, असा सल्ला देणं म्हणजे त्याच्या दोनशे वर्षांच्या अनुभवाकडे डोळेझाक करणं आहे.

एक आक्षेप रास्त आहे. ग्वाल्हेरच्या वर्गात सगळी मुलं मराठी नसतात; शिक्षकाने ‘डोळ्यांदेखत’चं काय करावं? त्याने हिंदीत विचारावं: “मेरी आँखों के सामने गिरा”, “गिरते हुए देखा”, की “गिरा हुआ देखा”? भेद तोच आहे आणि तितकाच स्पष्ट आहे. हा वाद मराठीच्या अभिमानाचा नाही. मुलाला जे आधीच येतं त्याच्यावर नवं शिक्षण उभारायचं, की जे येतं ते दाराबाहेर ठेवून त्याला रिकाम्या हातांनी वर्गात घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती, ‘टू गाळायचा’ हे वाक्य वर्गातून काढून टाका. यादी पाठ करून घेण्याआधी पोत्यांची हातगाडी फळ्यावर काढा आणि पोतं कुणाच्या देखत पडलं ते विचारा. आणि आई-वडिलांनो, तुमच्या मुलाच्या वहीतल्या त्या जादा ‘टू’ला तुमची मराठी जबाबदार नाही. ती ज्यांनी बंद करायला सांगितली त्यांना “मी त्याला ओलांडायला पाहिलं” हे वाक्य कोणत्या घरात ऐकलं ते विचारा. उत्तर येईपर्यंत घरात मराठीच बोला.